खेळांतील माणसें

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. मधली सुटी नुकतीच संपली होती व मी शिक्षकांच्या खोलीबाहेर ओट्यावर उभा होतों. आमचे शिपाईमामा नेहमींप्रमाणें जिन्याच्या तोंडाशीं उभे राहून "रांगेनें जा रे, रांगेनें!" असें म्हणत होते. हें वाक्य ते कित्येक वर्षें, दिवसांतून चार वेळां, एकाच स्वरांत म्हणत आले आहेत. इयत्ता नववींतील एक चुणचुणीत विद्यार्थी त्यांच्या जवळून जातां जातां आपल्या सोबत्यास म्हणाला, "मामा म्हणजे नुसते एनपीसी आहेत." सोबती हंसला. मामांनीं तें ऐकलें कीं नाहीं कोण जाणे. मागून येणाऱ्या रांगेस त्यांनीं तेंच वाक्य पुन्हां ऐकविलें.

तो शब्द मला अगदींच अपरिचित नव्हता. परंतु शिवीच्या ठिकाणीं योजलेला मीं तो प्रथमच ऐकला. शाळा सुटल्यावर त्या मुलास बोलावून मीं त्याचा अर्थ विचारला. रागावण्याचा माझा हेतु नाहीं हें ध्यानीं आल्यावर त्यानें मोकळेपणानें सांगितलें, "सर, गेममध्यें जें पात्र आपल्या हातांत नसतें तें एनपीसी. म्हणजे नॉन-प्लेयर कॅरेक्टर. तें एका जागीं उभें असतें आणि आपण जवळ गेलों कीं एकच वाक्य बोलतें. त्याला स्वतःचें असें कांहीं नसतें." परीक्षेंत असें उत्तर आलें असतें तर मीं पुरे गुण दिले असते. पण घरीं जातांना वाटेंत मला वाटूं लागलें कीं, या व्याख्येनें दोघांवर अन्याय होत आहे; एक मामांवर, आणि दुसरा त्या खेळांतील पात्रांवर. पहिला अन्याय कोणासहि सहज दिसेल. दुसऱ्याविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं, म्हणून त्याविषयीं येथें थोडें विस्तारानें लिहीत आहें.

पालकवर्गापैकीं अनेकांनीं हे खेळ पाहिले नसतील. त्यांच्यासाठीं आधीं दोन शब्द. एखाद्या कल्पित देशांतील वीराची भूमिका घ्यावयाची, त्या देशांत हिंडावयाचें, संकटांस तोंड द्यावयाचें, आणि आपल्या हातून घडेल ती कथा घडवावयाची, असें या खेळांचें स्वरूप असतें. त्यांचा उगम संगणकांत झालेला नाहीं. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नांवाचा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. तो टेबलाभोंवतीं बसून, कागद, पेन्सिल व फांसे घेऊन खेळावयाचा होता. खेळाडू एकेका वीराची भूमिका घेत, आणि एक जण सूत्रधार होई. वाटेंतील खाणावळीचा मालक, वेशीवरचा पहारेकरी, म्हातारी भिकारीण, शत्रूचा हेर, या सगळ्यांच्या तोंडचें बोलणें तो एकटा सूत्रधार बोले. म्हणजे ज्यास आज मुलें एनपीसी म्हणतात त्याच्या आंत प्रारंभीं एक जिवंत मनुष्य बसलेला असे. खाणावळवाल्याशीं कोणी उर्मटपणें बोललें, तर सूत्रधारानें जेवणाचा दर तेथल्या तेथें दुप्पट करावा, यास कोणाची आडकाठी नव्हती. पुढें हा खेळ संगणकांत शिरला तेव्हां सूत्रधार बाहेरच राहिला, आणि खाणावळवाला आंतून पोकळ झाला. ती पोकळी भरून काढण्याची खटपट गेलीं चाळिसांहून अधिक वर्षें चालू आहे.

या खटपटीच्या मानकऱ्यांत मी रिचर्ड गॅरियट यांचें नांव आधीं घेईन. (अंतराळवीर ओवेन गॅरियट यांचे हे चिरंजीव, २००८ सालीं ते स्वतःहि अंतराळस्थानकावर जाऊन आले, पण तो विषय निराळा.) 'अल्टिमा' या त्यांच्या खेळमालेचे पहिले तीन भाग लोकप्रिय झाले, तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, खेळणारे लोक वीर म्हणवून घेतात खरे, पण जिंकण्याच्या घाईंत वाटेंतील दुकानदारांस लुटतात, निरपराध गांवकऱ्यांस मारतात, आणि खेळ त्यांस शाबासकी देतो. म्हणून १९८५ सालच्या चौथ्या भागांत त्यांनीं शेवटीं मारावयाचा कोणी दुष्टच ठेवला नाहीं. प्रामाणिकपणा, करुणा, न्याय, नम्रता अशा आठ गुणांत आपण आदर्श व्हावें, हाच त्यांतील विजय. त्या खेळांत मंत्रांस लागणाऱ्या वनस्पति विकणारी एक आंधळी बाई आहे. माल घेतल्यावर पैसे किती ठेवावयाचे तें खेळणाऱ्यानें ठरवावयाचें. तिला दिसत नाहीं. कमी ठेवले तरी माल मिळतो. खेळ मात्र मनांतल्या मनांत त्याची नोंद घेतो, व प्रामाणिकपणाच्या वाटेवर आपण मागें पडतों.

आतां या बाईस बुद्धि म्हणावी असें कांहींच दिलेलें नव्हतें. चार ठराविक वाक्यें आणि एक हिशेब, एवढाच तिचा जीव. त्या काळच्या घरगुती संगणकाची स्मरणशक्ति आजच्या साध्या मोबाईलच्या हजाराव्या हिश्श्याइतकीहि नव्हती. तरीहि चाळीस वर्षांनंतर लोक तिची आठवण काढतात. कां? तिनें आपल्यावर विश्वास टाकला, व त्या विश्वासाचें काय करावयाचें तें आपल्यावर सोपविलें. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ ज्यांनीं पाहिला आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. दोरे दिसत असतात, सूत्रधाराचे पायहि कधीं कधीं दिसतात, तरी बाहुलीनें मान खालीं घातली कीं पुढें बसलेलीं पोरें गप्प होतात. पात्रास जो जीव येतो त्यांतला निम्मा पाहणाऱ्यानें घातलेला असतो.

त्याच मालेच्या पांचव्या भागांत, १९८८ सालीं, आणखी एक साधी गोष्ट आली व ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गांवांतील माणसांस दिनचर्या मिळाली. सकाळीं उठावयाचें, दुकान उघडावयाचें, जेवावयाचें, रात्रीं घरीं जाऊन निजावयाचें. उशिरां गेलांत तर दुकान बंद. तुम्ही साऱ्या जगाचें रक्षण करावयास निघालेले वीर असा, नाहींतर आणखी कोणी असा. दुकानदार झोंपला आहे.

याच कल्पनेचा मोठा विस्तार पाहण्याचा योग मला दिवाळीच्या सुटींत आला. माझा पुतण्या पुण्यास अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहे. 'एल्डर स्क्रोल्स' मालेंतील 'ऑब्लिव्हियन' हा खेळ मूळ २००६ सालचा. २०२५ च्या एप्रिलमध्यें तो नव्या रूपांत पुन्हां निघाला, व त्यानें तो घेतला होता. (हा खेळ मोठ्या वयाच्या खेळाडूंसाठीं आहे व तशी खूण त्यावर असते. ती खूण वाचण्याचे कष्ट फार थोडे पालक घेतात, असा माझा अनुभव आहे.) चार संध्याकाळीं मी त्याच्या शेजारीं खुर्ची ओढून बसलों.

या खेळाच्या निर्मात्यांनीं, म्हणजे बेथेस्डा या संस्थेनें, पात्रांस पढविण्याची एक वेगळी रीत योजली. पात्रास प्रत्येक पाऊल शिकवून ठेवण्याऐवजीं "या सुमारास तुला जेवावयाचें आहे" एवढेंच सांगावयाचें. अन्न कोठून मिळवावें तें त्यानें पाहावें. जवळ असेल तर तें खाईल, नसेल तर मिळवील, आणि त्याच्या अंगीं जबाबदारी कमी असेल तर चोरील. 'जबाबदारी' हा एक आंकडाच प्रत्येक पात्रास लावून दिलेला आहे. (आमच्या प्रगतिपुस्तकांत असा रकाना असता तर कित्येक शिक्षकांचें काम सोपें झालें असतें, आणि कित्येक पालकांचें कठीण.) खेळ तयार होत असतांनाची एक हकीकत निर्मात्यांनींच पुढें सांगितली आहे. कथेंत एका मादक पदार्थाच्या विक्रेत्याची गांठ खेळणाऱ्यानें घ्यावयाची होती. पण खेळणारा तेथें पोहोंचण्यापूर्वींच व्यसनी गिऱ्हाइकांनीं त्या विक्रेत्यास ठार केलेलें असे. त्यांस तो पदार्थ हवा होता व तो त्याच्याजवळ होता, एवढाच त्यांचा तर्क. तर्कांत चूक काढतां येत नव्हती. शेवटीं खेळ बाजारांत आणण्यापूर्वीं पात्रांच्या इच्छांस पुष्कळ लगाम घालावा लागला.

मला मात्र सर्वांत भावलें तें स्किनग्रॅड नांवाचें गांव. तेथें ग्लार्थिर म्हणून एक संशयी गृहस्थ राहतो. तो खेळणाऱ्यास मध्यरात्रीं प्रार्थनामंदिरामागें बोलावतो आणि कुजबुजत सांगतो कीं, माझे शेजारी माझ्यावर पाळत ठेवून आहेत, तेव्हां तुम्ही त्यांच्यावर पाळत ठेवा. त्यांतील पहिलें नांव बर्नाडेट नांवाच्या एका बाईचें. माझ्या पुतण्यानें पहाटेपासून तिच्या घराशीं दबा धरला. ती बाहेर आली, द्राक्षांच्या मळ्यांत गेली, काम करीत राहिली, आणि दिवस मावळल्यावर परत आली. बस्स. ग्लार्थिरकडे तिनें ढुंकूनहि पाहिलें नाहीं.

पुतण्यास हा भाग कंटाळवाणा वाटला व त्यानें तसें बोलून दाखविलें. मी मात्र खिळून राहिलों होतों. एक बाई दिवसभर आपलें काम करीत आहे. तिला आपल्याशीं कांहीं कर्तव्य नाहीं. आपण तिला पाहत आहों हें तिच्या गांवींहि नाहीं. आणि रात्रीं त्या संशयी गृहस्थापुढें जाऊन तिच्याविषयीं काय बोलावयाचें तें आपल्या हातांत आहे. "होय, तीहि कटांत आहे" असें म्हटलें तर तो तिचा खून करावयास सांगतो. तिच्याविषयीं आपल्याला ठाऊक तें इतकेंच कीं ती सकाळीं मळ्यांत जाते. "काका, काय सांगूं त्याला?" पुतण्यानें विचारलें. एका खेळांतील खोट्या बाईसाठीं माझ्या घशास कोरड पडली होती, हें मीं त्यास सांगितलें नाहीं.

याच खेळांत दोन पात्रें रस्त्यांत समोरासमोर आलीं कीं आपसांत गप्पा मारतात, व त्या गप्पा मात्र इतक्या विसंगत असतात कीं जगभरचे खेळाडू त्यांची आजतागायत थट्टा करीत आले आहेत. एक जण परवां पाहिलेल्या खेंकड्याची बातमी देतो, दुसरा तिसरेंच कांहीं बोलतो, आणि दोघेहि मोठ्या समाधानानें निरोप घेतात. शेंकडों पात्रांस मोजक्याच नटांचे आवाज असल्यामुळें कित्येकदां एकच मनुष्य स्वतःशीं बोलत असल्याचा भास होतो. आम्ही दोघे मनमुराद हंसलों. म्हणजे चमत्कार पहा: त्या माणसांचें वागणें आम्हांस खरें वाटलें आणि बोलणें खोटें वाटलें.

आज नेमकें उलट होऊं लागलें आहे, आणि माझ्या मनांतील खरी काळजी येथूनच सुरू होते. मागील तीन-चार वर्षांत यंत्रास बोलतां येऊं लागलें. पूर्वीं पात्राच्या तोंडीं लेखकानें लिहिलेलेंच वाक्य असे. आतां पात्रास "तूं अमुक, तुझा स्वभाव असा" एवढें सांगून ठेवलें कीं तें कोणत्याहि प्रश्नास तत्काळ, व्यवस्थित आणि न संपणारें उत्तर देऊं शकतें. बोलण्याच्या या मोहिनीचा इतिहास मात्र जुना आहे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें जोसेफ वायझेनबॉम या प्राध्यापकांनीं 'एलायझा' नांवाची रचना १९६६ सालीं जगापुढें ठेवली. नांव घेतलें होतें शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकांतील फुलवालीचें, पु. ल. देशपांड्यांच्या 'ती फुलराणी'मुळें तिची मंजुळा आपल्या ओळखीची आहे. एलायझास कांहींएक समजत नव्हतें. आपण लिहिलेल्या वाक्यांतला एखादा शब्द उचलून तोच प्रश्नाच्या रूपानें परत करावयाचा, एवढीच तिची विद्या. आपण आईविषयीं लिहिलें, तर "तुमच्या घरच्यांविषयीं आणखी सांगा" असें ती म्हणे. ही रचना तयार होत असतांना जिनें महिनोन्महिने डोळ्यांनीं पाहिली होती, त्या प्राध्यापकांच्या स्वतःच्या चिटणीस बाईनें तिच्याशीं थोडें बोलणें होतांच त्यांस खोलीबाहेर जाण्यास सांगितलें. तिला एकांत हवा होता. वायझेनबॉम त्यानें इतके अस्वस्थ झाले कीं, १९७६ सालीं त्यांनीं या भुलीविरुद्ध एक ग्रंथच लिहिला. मला त्या बाईचें हंसूं येत नाहीं. कोणी तरी मधें न बोलतां ऐकून घ्यावें, ही भूक फार खरी आहे.

२०२३ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठ व गूगल येथील संशोधकांनीं एक लहानसें गांवच वसविलें. गांवाचें नांव स्मॉलव्हिल. वस्ती २५ पात्रांची. प्रत्येकाच्या आंत बोलणारें यंत्र. प्रत्येक पात्र आपण काय पाहिलें, काय ऐकलें याची रोजनिशी ठेवतें. कांहीं करावयाचें झालें म्हणजे त्यांतील ताजें, महत्त्वाचें व प्रसंगास लागू असें तेवढें आठवतें. आणि मधून मधून त्या आठवणींवरून स्वतःविषयीं कांहीं निष्कर्ष काढतें. संशोधकांनीं एका पात्राच्या मनांत एवढेंच घातलें कीं, आपल्या उपाहारगृहांत व्हॅलेंटाइन दिनाची मेजवानी द्यावी. बाकी सर्व आपोआप घडलें. तिनें आल्यागेल्यास आमंत्रण दिलें, त्यांनीं पुढें सांगितलें, बातमी बारा जणांपर्यंत गेली, व ठरल्या वेळीं पांच जण हजर झाले. बाराजणांस आमंत्रण आणि पांचच हजर, यांत मला तरी पुष्कळ मनुष्यपणा दिसला.

पण त्याच संशोधकांनीं प्रांजळपणें एक दोषहि नमूद केला आहे, आणि माझ्या मतें साऱ्या प्रकरणाचें मर्म त्यांत आहे. हीं पात्रें फार गोड आहेत. नवराबायको परक्या पाहुण्यांसारखे एकमेकांशीं औपचारिकपणें बोलतात. मेजवानी देणाऱ्या त्या बाईस कोणी शेक्सपिअरच्या वाचनाची सूचना केली, कोणी व्यवसायाच्या ओळखी वाढविण्याची. तिच्या आवडीनिवडीशीं यांचा कांहीं संबंध नसतां ती बहुधा कोणास नाहीं म्हणेना. उलट पुढें पुढें तिच्या आवडीहि लोकांच्या सूचनांप्रमाणें बदलूं लागल्या. जिला नाहीं म्हणतां येत नाहीं ती कितीहि सुंदर बोलो, तिच्या घरास आंतून कडी नाहीं. स्किनग्रॅडच्या त्या मळेकरी बाईस चार वाक्यें येतात; पण तिचें दार बंद होतें.

गेल्या पालकसभेनंतर एक माता थांबून मला म्हणाल्या, "सर, आमचा मुलगा रात्रीं एक-एक वाजेपर्यंत त्या बोलणाऱ्या पात्राशीं बोलत बसतो. पण निदान बाहेर वाईट संगतींत तरी जात नाहीं." मुलगा दहावींतला, अबोल, वर्गांत मागच्या बाकावर बसणारा. दुसऱ्या दिवशीं मीं त्यास सहज विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "सर, तें कंटाळत नाहीं." या वाक्यास मला त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. आम्ही शिक्षक कंटाळतों. आईबाप कंटाळतात. मित्र तर पांच मिनिटांतच कंटाळतात. जें कधींच कंटाळत नाहीं त्याच्याशीं स्पर्धा कोणी करावी? परंतु मनुष्याशीं बोलण्याची जी कला आहे, समोरच्याचा चेहरा उतरलेला पाहून विषय बदलणें, आतां पुरे असें ओळखणें, "उद्यां ये" असें ऐकून न रुसतां परत जाणें, ती ज्यास कंटाळा येतो अशाच कोणाजवळ शिकतां येते. मुलाचा मोबाईल हिसकावून घ्यावा असें मी त्या मातेस सांगितलें नाहीं. रविवारीं त्यास दुपारभर कोणाच्या तरी घरीं पाठवा, एवढेंच म्हटलें. तें पुरेसें आहे कीं नाहीं मला ठाऊक नाहीं.

अशा आज्ञाधारक पात्राशीं लोक वागतात कसे, याचा एक नमुना २०२५ च्या मे महिन्यांत दिसला. 'फोर्टनाइट' या खेळांत 'स्टार वॉर्स' चित्रपटांतील डार्थ व्हेडर हें पात्र खेळणाऱ्यांशीं वाटेल त्या विषयावर बोलूं लागलें. आवाज जेम्स अर्ल जोन्स या थोर नटाचा. ते २०२४ च्या सप्टेंबरमध्यें वारले होते, व कुटुंबियांच्या संमतीनें यंत्राकरवीं तो आवाज पुन्हां घडविला होता. लोकांनीं लगोलग त्याच्या तोंडून शिव्या वदवून घेतल्या, व निर्मात्यांस घाईघाईनें दुरुस्ती करावी लागली. ज्या नटांच्या गळ्यांवर हे खेळ उभे राहिले त्यांस तर यंत्रापासून संरक्षण मागण्यासाठीं अमेरिकेंत २०२४ च्या जुलैपासून २०२५ च्या जूनपर्यंत संप करावा लागला.

याच्या उलट, टोबी फॉक्स या तरुणानें बव्हंशीं एकट्यानें केलेला 'अंडरटेल' हा २०१५ सालचा खेळ पहा. चित्रें अगदीं साधीं, बोलणें सगळें आधीं लिहून ठेवलेलें. यांत समोर येणाऱ्या कोणासहि न मारतां पुढें जातां येतें. एखाद्यास मारून मागाहून पश्चात्ताप झाला, व नेहमींच्या युक्तीप्रमाणें खेळ बंद करून मागील टप्प्यावरून पुन्हां सुरू केला, तर त्यांतील एक फूल आपल्याला म्हणतें कीं, तूं आधीं काय केलेंस तें मला ठाऊक आहे. कित्येक मुलांनीं तेथें अंगावर कांटा आल्याचें मला सांगितलें. फुलाजवळ बुद्धि कसली? एक लहानशी नोंद. पण ती नोंद आपल्या मर्जीबाहेरची आहे.

कांहीं विद्वान म्हणतील कीं, हें सर्व शेवटीं खोटें. खोट्या दुकानदारानें दार लावलें काय आणि उघडें ठेवलें काय. मला तें पटत नाहीं. मुलें दिवसाचे दोन-दोन तास ज्या गांवांत राहतात, तेथील लोक त्यांना कशी संवय लावतात हें पाहावयास नको काय? जेथें प्रत्येक जण माझीच वाट पाहत उभा असतो, अशा गांवांतून आलेलें मूल शाळेच्या जिन्यावर उभ्या असलेल्या मनुष्यासहि आपल्याचसाठीं उभा केलेला समजूं लागलें, तर दोष सगळा त्याचा नाहीं. उद्यांच्या खेळांतील पात्रें अधिक हुशार होणारच. त्यांच्या कर्त्यांपाशीं माझें मागणें इतकेंच कीं, एखाद्या पात्रास "आज माझें डोकें दुखतें आहे, उद्यां या" असेंहि म्हणूं द्यावें.

नववीच्या त्या वर्गास मीं नंतर एक निबंध घातला: ज्या मनुष्याशीं तुमचें रोज एकाच वाक्याचें बोलणें होतें त्याचा पूर्ण दिवस, त्यास विचारून, लिहून आणा. रिक्षावाले, दूधवाले, ग्रंथालयांतील बाई, असे पुष्कळ जण वहींत आले. कांहींनीं न विचारतां घरीं बसून कल्पनेनेंच लिहिलें होतें. तें लगेच ओळखूं आलें, कारण त्यांतील माणसें फारच गोड बोलत होतीं. आमच्या त्या चुणचुणीत विद्यार्थ्यानें, मीं न सुचवितां, मामांनाच निवडलें होतें. मामा पहाटे साडेचारला उठतात, कारण त्यांच्या चाळीच्या नळाला पाणी त्याच वेळीं येतें. संध्याकाळीं ते एका शिंप्याकडे काजें-बटणें करावयास जातात. त्यांचा उजवा गुडघा दुखतो, म्हणून ते जिन्याच्या तोंडाशीं उभे राहतात, वर चढत नाहींत. आणि बऱ्याच वर्षांपूर्वीं एका पावसाळ्यांत त्याच ओल्या जिन्यावरून एक मुलगा पडला होता. त्यास उचलून मामांनीं दवाखान्यांत नेलें होतें. दीड पान मजकूर होता. शुद्धलेखनासाठीं तीन गुण कापून मीं दहापैकीं सात दिले. शेवटचीं वाक्यें अशीं होतीं: "तो मुलगा कोण होता, पुढें त्याचें काय झालें, असें मीं विचारलें. मामा कांहीं बोलले नाहींत. घंटेची वेळ झाली म्हणून ते निघून गेले."